गुरुवारची उघडणी

अंक ७१

सकाळचे अकरा वाजले आणि पडद्यावरची चौतीस माणसं एकदम खाली आली.

माणसं आपापल्या जागेवरच होती. खाली आले ते त्यांचे आकडे. अडुसष्टवरून साठ, साठवरून बावन्न, मग एक्केचाळीस. अभिनंदन चौगुलेने केबिनच्या काचेतून पलीकडे पाहिलं. बाकांवर चौतीसजण मान खाली घालून बसले होते. प्रत्येकाच्या कानामागे नखाएवढी पट्टी होती आणि समोर एक जुना पंप.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना नवजात बाळांना थेंबाथेंबाने औषध देणारे पंप बनवायचा. मोठ्या ऑर्डरी आता यंत्रमानव उरकत. पण रुग्णालयांची मागणी पंधरा-वीस नगांची असते आणि प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून हा एक विभाग अजून माणसांच्या हातांवर चालत होता. दोन-तीन वर्षांनी पंप तपासणीसाठी परत येत. ते दुरुस्तीला जाण्याआधी, दर गुरुवारी अकरा ते साडेअकरा, ज्याने तो पंप जोडला त्यानेच तो खोलायचा आणि नुसता बघायचा. याला सगळे उघडणी म्हणत. ही प्रथा शमशाद शिकलगार यांनी घातलेली. त्या विभागाच्या पर्यवेक्षक. वय सत्तावन्न. सगळ्यांच्या आपा.

"ही वायर मी अशी ओढली होती?" करिश्मा आवळे म्हणाली. ती तिसऱ्या बाकावर बसायची.

"नंबर दुसऱ्या कुणाचा आहे का त्यावर?" आपांनी विचारलं.

"नाही."

"मग तूच असशील."

करिश्माचा आकडा तेहेतीसवर गेला. काचेमागे अभिनंदनने तो लिहून घेतला.

अंक ६९

माणूस काम का करतो, या प्रश्नावर शंभर-सव्वाशे वर्षं थोर डोकी झिजली आहेत. पुण्याला शिकताना अभिनंदनने ती सगळी पाठ केली होती. एकाचं म्हणणं, पगार वाढवा, काम वाढेल. दुसऱ्याने माणसाच्या गरजांची उतरंड रचली: तळाच्या मडक्यात भाकरी, त्यावर निवारा, त्यावर आपली माणसं, त्यावर मान, आणि अगदी वरच्या लहानशा मडक्यात, आपल्याला जे होता येईल ते होणं. तिसरा म्हणाला, पंखा बंद पडला तर माणूस चिडतो, पण पंखा चालू आहे म्हणून कुणी जीव ओतून काम करत नाही. चिडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या, हुरूप देणाऱ्या वेगळ्या. चौथ्याने कारखान्यातले दिवे वाढवले, काम वाढलं. दिवे कमी केले, तरी वाढलं. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, एवढंच लोकांना पुरलं होतं.

सगळ्यांची अडचण एकच. शेवटी माणसालाच विचारावं लागायचं. आणि विचारलं की माणूस विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो.

ओढमापक नावाच्या नव्या यंत्राने विचारणं बंद केलं. एखादं काम हाती घेण्याआधी मेंदू एक अंदाज बांधतो: यात किती श्रम जातील, आणि ते घालावेसे वाटतात का. हे पाव सेकंदात होतं, आपल्याला कळायच्या आधी. अंदाज बांधला गेला की शरीरावर खुणा उमटतात. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. कातडीची ओल बदलते. संरक्षक चष्म्यातला एक ठिपका बाहुली बघायचा, कानामागची पट्टी बाकीचं. यातली एकेक खूण फसवी असते. जिना चढला तरी ठोके वाढतात. पण दोन लाख कामगारांच्या खुणा एकत्र करून यंत्राला शिकवल्यावर ते एक आकडा सांगू लागलं, शून्य ते शंभर. या क्षणी, या कामाची, या माणसाला किती ओढ आहे. आकडा घसरू लागला की यंत्र त्या माणसाचं काम बदलून द्यायचं.

आकडा खोटं बोलत नव्हता. अभिनंदनला हेच सर्वांत आवडायचं. तो स्वतःही पट्टी लावायचा, ओढमापकाचा अधिकारी असून. त्याचा आकडा पडद्यावर पस्तिसाव्या ओळीत असायचा.

अंक ८३

"हे गुरुवारी काय होतं?" पाटणेसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. जयसिंग पाटणे कारखान्याचे मालक. बोट ठेवलं की ते उचलायचे नाहीत.

"उघडणी, साहेब."

"आठवडाभर तुम्ही शिडी लावून चढवता आणि गुरुवारी खड्ड्यात."

"पाळी संपेपर्यंत भरून येत नाही. मी मोजलंय. घटनेनंतर चार तास."

"म्हणजे लोकांना आवडत नाही."

"आकड्यावरून तरी नाही."

"आपाला सांगायला पाहिजे." बोट तिथंच होतं. "तुम्ही सांगा. तुम्ही तिच्या हाताखाली शिकलाय. आणि चौगुले, हे जमलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिटला हीच पद्धत. तिथं प्रमुख म्हणून माणूस लागेल."

*अहवाल सतरावा. घटना: साप्ताहिक उघडणी. सरासरी ओढीवर परिणाम: उणे सव्वीस. परिणाम मोजण्याचा काळ: चार तास. शिफारस: लोकांना आवडत नसल्याने प्रथा बंद करावी. पर्यवेक्षकांची बदली सुट्या भागांच्या स्टोअरला करावी. सही:*

अंक ५८

"सही केलीस?"

"नाही अजून. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"सांगितलंस. आता कर."

"आपा, तुम्हाला राग..."

"तुझं मशीन काय म्हणतंय?"

"तुम्ही पट्टी लावत नाही."

"कानाला खाज सुटते रे." त्यांनी पेन त्याच्या पुढ्यात सरकवलं. "लोकांचं मन खाली जातंय, हे मला दिसत नव्हतं असं वाटतंय काय तुला? अकरा वर्षं समोर उभी आहे मी. पण मी तुला कागदावर काय दाखवू? माझ्याकडं आकडा नाही. तुझ्याकडं आहे. कर सही."

त्याने केली.

अंक ७६

आकडे वर गेले. अंदाज होता त्याहूनही वर. पंपांची संख्या नऊ टक्क्यांनी वाढली. चाचणी-यंत्रावर एकही नग अडला नाही. गुरुवारी अकरा वाजता आता पडद्यावर प्रत्येकाच्या चांगल्या कामाचे दोन शब्द झळकत. लोक हसून बघत, पुन्हा स्क्रू फिरवत.

अंक ७६

साहेबांनी पेढे वाटले. आपांच्या निवृत्तीचा अर्ज स्टोअरमधून आला. स्टोअरला एवढ्या जुन्या माणसाची गरज नाही, असं त्यात त्यांनीच लिहिलं होतं. दिवाळीनंतर शाल-नारळ ठरला.

अंक ७६

पावसाळा संपला. पडद्यावरची रेघ सरळ होती.

अंक ७६

सरळ रेघ पाहून त्याला हॉस्पिटलच्या पडद्याची आठवण झाली, आणि असं काहीतरी मनात आल्याचा त्याला राग आला.

अंक ७०

करिश्माने राजीनामा टेबलावर ठेवला.

"काय झालं? तुझा आकडा तर ऐंशीच्या खाली येत नाही."

"हो, छान वाटतं सर."

"मग?"

"छान वाटतं म्हणूनच." तिला शब्द सापडेनात. "म्हणजे बघा, आईकडं गेले की कसं, ती ताटात वाढते, आपण खातो. बरं वाटतं. पण माहेरी किती दिवस राहणार?"

"काम कंटाळवाणं झालंय का? बदलून देतो."

"तुमचं मशीन देतंय की बदलून. कंटाळा यायच्या आधीच देतंय." ती हसली. "सर, मी दोन वर्षांपूर्वी वायर कशी ओढली होती, ते बघून मला त्या रात्री झोप नव्हती. आठवतंय?"

"तेहेतीसवर गेली होतीस."

"तेवढंच? मला वाटलं, शून्यावर गेले असेन." दारात ती वळली. "सोमवारी मी येऊन क्लिप उलटी बसवली होती. आता सगळे तशीच बसवतात. वहीत आहे बघा."

अंक ६२

वही चाचणीच्या टेबलाशी सुतळीने बांधलेली होती. कुणाला काही सुधारणा सुचली की त्यात लिहायची. नळी अमुक कोनात घातली तर पिळत नाही. झाकणाची कड आधी पुसली तर रबर नीट बसतं. क्लिप उलटी. अकरा वर्षांच्या चारशे सहा नोंदी, वेगवेगळ्या अक्षरांत, ग्रीसच्या बोटांसह.

अभिनंदनने तारखा उतरवून घेतल्या. मग वार काढले. चारशे सहांपैकी तीनशे एकोणीस नोंदी सोमवारच्या किंवा मंगळवारच्या होत्या.

शेवटची नोंद उघडणी बंद होण्याच्या आठवड्यातली. त्यानंतर तीन महिने पान कोरं.

त्याने जुने आकडे पुन्हा काढले. आठवड्यातला सर्वांत उंच आकडा पूर्वी सोमवारी सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान यायचा, कधी कधी नव्वदच्या पुढे. त्याने स्वतःच त्याला नाव दिलं होतं: रविवारच्या विश्रांतीचा परिणाम. रविवार तर अजूनही सुट्टीचाच होता. पण ते शिखर आता नव्हतं.

बराच वेळ तो त्या दोन आलेखांकडे बघत बसला. मग उठून स्टोअरकडे गेला.

अंक ५५

आपा खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्याचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"अब्बा तंबोऱ्याची जवारी लावायचे," त्या म्हणाल्या. "घोडीवर तार घासून घासून खाच पडते. मग सूर मिटतो. चार-पाच वर्षांनी तंबोरा परत यायचा. अब्बा कानस उचलायच्या आधी तासभर नुसते बघत बसायचे. आम्ही पोरं दंगा करायला लागलो की म्हणायचे, गप बसा, पाहुणा आलाय. पाहुणा म्हणजे ते स्वतःच, चार वर्षांपूर्वीचे." त्यांनी मागच्या फळीवरून एक पंप काढला. "हा गेल्या महिन्यात आला. कोल्हापूरहून. मधल्या तपासण्या चुकवून, नऊ वर्षांनी पहिल्यांदाच."

त्यावर नंबर होता. अभिनंदनला तो ओळखू आला. विसाव्या वर्षी, शिकाऊ म्हणून, आपांच्या बाकावर त्याने जोडलेल्या पहिल्या दहांपैकी.

"बस," आपा म्हणाल्या आणि स्क्रूड्रायव्हर दिला.

पहिला स्क्रू. निघेना. गरजेपेक्षा दुप्पट आवळला होता. तेव्हा त्याला वाटायचं, घट्ट म्हणजे चांगलं. अंक ४७.

दुसरा स्क्रू. बोटानेच फिरला. पहिल्यावर सगळा जोर संपला होता बहुतेक. अंक ४०.

तिसरा. व्यवस्थित. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. अंक ३८.

चौथ्याचं डोकं छिललं होतं. स्क्रूड्रायव्हर घसरून धातू पांढरा पडला होता, आणि त्या पांढऱ्यावर कुणीतरी काळ्या मार्करने रंग दिला होता. नऊ वर्षांत रंग उडून गेला होता. कडेला तेवढा उरला होता.

त्याला तो मार्कर आठवला. खिशातून काढला, दोनदा फिरवला, पुन्हा खिशात. इकडेतिकडे पाहिलं, ते आठवलं.

अंक २२.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पॅकिंगलाच दिसलं होतं. मागचं झाकण, पंपाला काही धोका नव्हता. जाऊ दिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोलले असते तर तू मला घाबरून पुढचा नीट केला असतास." त्यांनी चिठ्ठी चिकटवली. "मी काय जन्मभर तुझ्या बाकाशी उभी राहणार आहे?"

तो पंपापुढे बसून राहिला. खाली मान घालून, चौतीसजण बसायचे तसाच. मग म्हणाला, "आपा, माझ्या अहवालात असाच एक स्क्रू आहे."

"मग मला काय सांगतोस? तुझा नंबर आहे त्यावर. खोल."

अंक १४

गुरुवारी अकरा वाजता अभिनंदनने विभागातला मोठा पडदा लावला. त्यावर एकच ओळ, त्याची स्वतःची. बाकांवर चौतीसजण. दाराशी पाटणेसाहेब, हाताची घडी घालून. आपांना त्याने स्टोअरमधून बोलावलं होतं. त्या मागे खोक्यावर बसल्या.

"हा माझा सतरावा अहवाल," तो म्हणाला. "मी जोडलेला आहे. खोलतो."

पडद्यावर त्याचा आकडा घसरू लागला. पहिल्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

"पहिलं. लोकांना उघडणी आवडत नाही, असं लिहिलंय. आवडत नाही असं यंत्राने सांगितलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात ओढ कमी होते, एवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी लिहिलं."

एकतीस.

"दुसरं. सोमवारचं शिखर मी रविवारला देऊन टाकलं. तुम्हाला कुणालाही विचारलं नाही, कारण आमच्या यंत्राला विचारावं लागत नाही याचा मला अभिमान होता."

चोवीस. करिश्मा त्याच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती.

"तिसरं. घटनेचा परिणाम चार तास मोजला. चारच का, हे अहवालात नाही. मीही विसरलो होतो. परवा जुनं टिपण सापडलं." त्याने तो कागद वर धरला. "उघडणी अकराला. पाळी संपते तीनला. म्हणून चार. माणूस गेटबाहेर पडला की काम त्याच्यातून निघून जातं, असं मी धरून चाललो. ते जात नाही. घरी येतं, जेवायला बसतं, झोपू देत नाही. रविवारी दुपारी कधीतरी सुटतं. आणि सोमवारी सात वाजता तुम्ही पळत येता. ते मी मोजलंच नाही. पट्टी काढल्यावर तुम्ही संपता, असं मी मोजलं."

चौदा. या विभागात एवढा खालचा आकडा कुणी पाहिला नव्हता. पडदा बंद करायचं बटण त्याच्या हातात होतं. त्याने ते दाबलं नाही.

चौतीसजण बघत होते. उघडणीत नुसतं बघायचं असतं.

मग साहेब बोलले. "चौगुले, हे केबिनमध्ये सांगता आलं असतं."

"तिथं मी तुमच्या तोंडाकडं बघून सांगितलं असतं, साहेब."

"हं. दुसऱ्या युनिटचं काय, याचा विचार केलाय का?"

"केलाय. मी तिथं जायच्या लायकीचा नाही अजून."

साहेबांनी आपांकडे पाहिलं. आपा खोक्यावरून उठल्या, तेच खोकं उघडलं आणि आतून एक पंप काढला. पिवळं पडलेलं प्लास्टिक, जुन्या घडणीचा, विटेएवढा.

"नंबर तीन," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा कारखाना म्हणजे तुम्ही, मी आणि एक पत्र्याची शेड. मी जपून ठेवला होता. म्हटलं, निरोपाच्या दिवशी देईन."

साहेब पंपाकडे बघत राहिले. "हा मी जोडलेला?"

"नंबर दुसऱ्या कुणाचा आहे का त्यावर?"

बाकांवर हसू फुटलं आणि लगेच विझलं. करिश्मा आपल्या बाकावर थोडी सरकली. तिच्या शेजारी एक जागा झाली.

"बसा साहेब," आपा म्हणाल्या. "सगळे बसलेत."

जयसिंग पाटणे यांनी खिशातून चष्मा काढला, बाकावर बसले आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला. पहिलाच स्क्रू फिरवल्यावर त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तो सर्वांनी ऐकला, आणि सर्वांनी ऐकला नसल्यासारखं केलं.

साडेअकराला ते उठले. पंप बंद केला नव्हता. सुटे भाग रुमालात बांधून बरोबर घेतले. दारापाशी थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "शालीची ऑर्डर दिली असेल तर थांबवा."

अंक

सोमवारी अभिनंदन वीस मिनिटं आधी पोचला.

"सर, आज लवकर?" गेटवरच्या बाबरांनी विचारलं.

"अंघोळ करताना एक सुचलं." तो चालतच राहिला. एका पाळीऐवजी गुरुवार ते गुरुवार बघायला यंत्राला कसं शिकवायचं, ते त्याला काल दुपारी अर्धं सुचलं होतं आणि आज सकाळी डोक्यावर पाणी घेताना उरलेलं. विसरायच्या आत लिहायला हवं होतं.

विभागात दिवे लागले होते. आपा नेहमीच्या जागी उभ्या होत्या, हातात चहा. चाचणीच्या टेबलाशी वहीपुढे तीनजण उभे होते. सर्वांत पुढे करिश्मा. तिच्या राजीनाम्याचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही. ती वाकून लिहीत होती आणि मध्येच थांबून हवेत बोटांनी काहीतरी वळवून बघत होती.

"जरा पेन दे गं. दोन ओळी फक्त."

"लाइनीत या, सर," मान वर न करता ती म्हणाली.

आपा चहाच्या कपाआड हसल्या. तो लाइनीत उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एकजण येऊन उभा राहिला.

सवयीने त्याचा हात कानामागे गेला. पट्टी नव्हती. ती केबिनच्या खणात होती. केबिन समोरच होती, वीस पावलांवर. पण तेवढ्यात मागचा पुढे सरकला असता.